झालेला धडा

वार्षिक परीक्षेचं वेळापत्रक आमच्या शाळेच्या फळ्यावर लागतं, तेव्हा समोरचा डोंगर जळत असतो. दरवर्षीच. दिवसा ज्वाळा दिसत नाहीत, नुसता निळसर धूर दिसतो. दुपारचा वारा सुटला की गवताच्या काळ्या काड्या उडत येऊन व्हरांड्यात पडतात. वर्ग झाडणाऱ्या मुली कुरकुरतात, "मॅडम, आताच झाडलं व्हतं." वालाच्या शेंगा काढून झालेल्या असतात, शेतं उघडी पडलेली असतात. कडावच्या बाजारात कैऱ्यांचे वाटे मांडलेले दिसतात. संध्याकाळ झाली की कुठल्या ना कुठल्या आळीत हळदीचे स्पीकर सुरू होतात आणि त्या गोंगाटात आठवीची मुलं कानात बोटं घालून पाठ करत बसतात: महाराष्ट्र राज्याची निर्मिती कशी झाली.

हे दिवस माझ्या अंगावर येतात. तशी मी विज्ञानाची शिक्षिका. पण गेली काही वर्षं सहावी ते आठवीचा इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र माझ्याकडे आहे. हे विषय मी मागून घेतले नाहीत. ते ठोंबरे सरांचे होते, आणि एका उन्हाळ्यात ते सरांच्या हातून सुटले.

मी याच शाळेत शिकले. सरांच्याच वर्गात. उंच, किंचित वाकलेले, शर्टाच्या खिशावर कायम खडूची पांढरी पूड. तासाला आले की पुस्तक टेबलावर पालथं ठेवायचे आणि कुणाला तरी उभं करायचे. "आज डब्यात काय गं?" मी म्हणायचे, भाकरी आणि वालाचं बिरडं. "तांदूळ घरचा, वाल घरचा. मग मीठ कुठलं?" मीठ कुठलं हे आम्हांला ठाऊक नसायचं. मग मीठ पेणच्या बाजूनं यायचं, तेल घाटावरून, गूळ कोल्हापुराकडून, आणि तास संपेपर्यंत माझ्या त्या ॲल्युमिनियमच्या डब्यात अख्खा महाराष्ट्र भरलेला असायचा. मधल्या सुट्टीत डबा उघडताना मला उगीच थोरल्यासारखं वाटायचं. अर्थशास्त्र हा शब्द मी पुढे कॉलेजात ऐकला, पण तो विषय मला तेव्हाच भेटला होता.

नागरिकशास्त्र म्हणजे वर्गाची ग्रामसभा. बाकं गोल मांडायची, एक सरपंच निवडायचा आणि भांडायचं. सरांचा नियम एकच. एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. मध्ये कुणी तोंड घातलं की सर टेबलावर डस्टर आपटायचे आणि खडूचा ढग उठायचा.

मी शिक्षिका होऊन इथंच परत आले, तेव्हा सरांना कोण आनंद झाला. मुलांसमोर ते मला आवर्जून 'मॅडम' म्हणायचे आणि शिक्षकखोलीत शिरलो की 'सुवर्णे'.

सरांचे विषय सुटले त्या वर्षी संक्रांत झाली, थंडी ओसरली आणि माझ्या वर्गाच्या भिंतीपलीकडून मला एक गोष्ट ऐकू येऊ लागली. आमच्या दोन वर्गांमध्ये विटांची भिंत आहे, पण ती छपरापर्यंत पोचत नाही. पलीकडे सर आठवीला शिकवत होते. मुंबई कुणाची, लोक रस्त्यावर का उतरले, गोळीबार कसा झाला. सर हा धडा असा शिकवत की मीही माझं प्रकाशाचं परावर्तन थांबवून ऐकत राही. दुसऱ्या दिवशी तोच धडा सुरू झाला. मला वाटलं, उजळणी असेल. तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच. त्याच वाक्यावर आवाज चढला, त्याच वाक्यावर उतरला.

चौथ्यांदा तो सुरू झाला, तेव्हा भिंतीपलीकडे एक बाक सरकल्याचा आवाज आला.

"सर, ह्यो धडा झाला."

आवाज वनिताचा होता. वनिता पारधी, डोंगराच्या कुशीतल्या ठाकूरवाडीतून रोज चालत येणारी मुलगी. त्या वर्षीची वर्गाची सरपंच.

"झाला?" सर म्हणाले. "कुणी शिकवला?"

"तुमीच."

वर्गात कुणीतरी फिसकन हसलं. मग सरही हसले. "बरं झालं आठवण केलीस. तुम्ही ऐकता की नाही तेच बघत होतो."

मुलांना सगळं आपल्या आधी कळतं. काही दिवसांत त्या वर्गाचे दोन तट पडले. रोशन म्हणून एक होता, हुशार, तोंडाचा फटकळ. त्याला एक खेळ सापडला. गृहपाठ केला नसेल त्या दिवशी तो हात वर करायचा आणि भोळा चेहरा करून विचारायचा, "सर, संयुक्त महाराष्ट्र म्हंजे काय हो?" की सर सुरू. मागच्या बाकावरची पोरं माना खाली घालून हसायची. दुसऱ्या तटाची पुढारी वनिता. तास सुरू व्हायच्या आधी ती फळ्याच्या कोपऱ्यात तारीख, धड्याचं नाव आणि पान लिहून ठेवायची. सर आत आले की त्यांची नजर आपसूक तिकडे जायची आणि मगच पुस्तक उघडलं जायचं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी एकदा विचारलं, तर ओठ मुडपून म्हणाली, "आमची आजी पन अशीच व्हती. तिला आमी दिसंल असं ठेवायचो सगळं."

वर्गाबाहेर आणखी एकदा तिचा आवाज मी ऐकला. हापशावर रोशनला ती म्हणत होती, "तुझा बाप इसरला तर तू हसशील का रं?" रोशननं तिला जातीवरून काहीतरी सुनावलं. तिनं त्याच्या अंगावर बादली ओतली. त्या भांडणात शिक्षा दोघांनाही झाली.

एका दुपारी शिक्षकखोलीत मी वह्या तपासत बसले होते. सर आत आले, माझ्याकडे पाहिलं आणि कपाळाला आठी घालून म्हणाले, "सुवर्णे, तास सुरू झाला की. तू इथं काय करतेस? चल, वर्गात जाऊन बस."

मला वाटलं थट्टा करताहेत. मी हसले. ते हसले नाहीत. माझ्या अंगावर साडी होती, हातात लाल पेन होतं, आणि ते एका आठवीतल्या मुलीकडे पाहत होते. मी उठले. खरंच उठले आणि बाहेर जाऊन व्हरांड्यात उभी राहिले.

थोड्या वेळानं सर मागून आले. आता चेहरा निवळला होता. कठड्याला टेकून ते समोर बघत राहिले. समोरच्या डोंगराचा एक कान जेसीबीनं कापलेला होता, लाल मातीत प्लॉटांच्या पांढऱ्या खुणा रांगेनं ठोकल्या होत्या.

"कळतंय मला," ते म्हणाले. "माझ्या आईचं असंच झालं होतं. ती शेवटी मला मामा म्हणून हाक मारायची."

"डॉक्टरांना दाखवूया, सर."

"दाखवलंय. गोळ्या घेतोय. निवृत्तीला वर्ष आहे गं. वर्गात उभा राहिलो की बरा असतो मी. घरी बसलो तर उद्याच संपेन."

मी दहिवलीला त्यांच्या घरी गेले. काकूंना, म्हणजे सरांच्या पत्नीला, सगळं ठाऊक होतं. त्यांनी नाक्यावरच्या रिक्षावाल्यांना सांगून ठेवलं होतं, की सर दुसरीकडेच निघालेले दिसले तर घरी आणून सोडा. हेडसरांनाही ठाऊक होतं. ते म्हणाले, "माझेही तेच शिक्षक आहेत, मॅडम. वर्षभर ओढू कसंतरी." आम्ही सगळेच ओढत होतो. वर्गात वनिता, घरी काकू, नाक्यावर रिक्षावाले. माणसाभोवती असं कडं धरलं की तो पडणार नाही असं आम्हांला वाटत होतं.

परीक्षेआधी आठवीची भूगोलाची क्षेत्रभेट असते. सरांच्या काळापासून ती पळसदरीच्या धरणावर जाते. पाणलोट, उतार, माती, धरणाखालची शेती, सगळं एका जागी बघायला मिळतं. सोबत मी जायचं ठरलं. सकाळी टेंपोत मुलं कोंबली, सर पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. तो दिवस त्यांचा होता. रस्त्याकडेच्या झाडांची नावं विचारत होते, मुलांनी चुकीचं सांगितलं की खिडकीतून हात काढून पत्र्यावर थाप मारत होते. एकदाही चुकले नाहीत. मी मनातल्या मनात म्हटलं, उगीच घाबरतो आपण.

धरणाशी उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. पाणी बरंच खाली गेलं होतं, काठाला चिखल भेगाळलेला. शनिवार होता, मुंबईकडच्या गाड्या झाडांखाली लागल्या होत्या, कुठेतरी गाणी वाजत होती. एका मुलीला टेंपो लागला होता, तिला उलट्या होऊ लागल्या. मी तिला घेऊन सावलीत बसले. सर म्हणाले, "मी मुलांना त्या कातळापर्यंत नेतो. तिथून सगळा उतार दिसतो." कातळ खालूनही दिसत होता. वनिता सोबत होती. मी मान हलवली.

मुलीच्या कपाळावर ओला रुमाल ठेवून मी वर बघत होते. मुलं कातळावर पोचली, सर हात पसरून काही दाखवत होते. मग ती पुढे गेली आणि झाडीआड दिसेनाशी झाली.

धूर पहिल्यांदा मी पाहिला नाही, मला वास आला. कुणी भाताच्या रोपांसाठी राब भाजताना पेटवलेली आग सुटली होती की कुणा पाहुण्याची चूल, ते पुढे कधी कळलं नाही. वारा वरच्या दिशेला होता. सुकलेलं गवत पेटताना चरचर असा आवाज होतो, तापल्या तव्यावर पाणी पडावं तसा. मी ओरडत चढायला लागले. माझ्या मागून धरणाजवळचे दोन-तीन गावकरी हातात झाडाचे डहाळे घेऊन धावले.

अर्ध्या वाटेवर कोरड्या ओहोळातून मुलं खाली येताना दिसली. एकमेकांचे हात धरून, सगळ्यांत पुढे वनिता. तोंडं काळी झालेली. रोशन तिच्या ओढणीचं टोक मुठीत धरून हुंदके देत होता.

"ओहोळात गवत नसतं, म्हनून हिकडनं आनलं," वनिता धापा टाकत म्हणाली. "सगळी हायत, मॅडम. मी बघितली."

"सर कुठायत?"

ती रडायला लागली. तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते. "सर मागं गेले. आमी लय सांगितलं. म्हनाले, एक पोरगी ऱ्हायली. म्हटलं, कोनी नाय ऱ्हायली, सर. ऐकलंच नाय त्यांनी. म्हनाले, सुवर्णा मागं ऱ्हायली."

पुढचं मला सलग आठवत नाही. जळलेल्या गवताचे काळे बुंधे चपलेखाली मोडत होते. माणसं डहाळ्यांनी आग झोडपत होती. सर एका दगडावर बसले होते. आग त्यांच्या बाजूनं पुढे सरकून गेली होती. एका पायातली चप्पल नव्हती, तळवा आणि हाताची बोटं भाजली होती, भुवया झडल्या होत्या. ते दुखण्यानं कण्हत नव्हते. दरीकडे तोंड करून ते माझ्या नावानं हाका मारत होते, घसा बसलेल्या आवाजात, पुन्हा पुन्हा.

मी समोर जाऊन उभी राहिले.

"सर, आले मी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग असे काही संतापले, की मी शाळकरी वयातही त्यांना तसं पाहिलं नव्हतं. "कुठं होतीस गं? मागं राहायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना! तुझ्या आईला मी काय तोंड दाखवलं असतं?"

माझी आई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मी म्हटलं, "चुकलं, सर. पुन्हा नाही राहणार."

मग त्यांनी भाजलेल्या हातानं माझं मनगट धरलं आणि खालपर्यंत सोडलं नाही.

मुलांना काही झालं नव्हतं. पण होऊ शकलं असतं. दोन दिवसांनी पालकांची सभा झाली. शाळेच्या त्याच वर्गात, त्याच बाकांवर माणसं बसली. रोशनचे वडील उभे राहून बोलत होते, "पोरं जळून मेली असती. ह्यांना ठाऊक व्हतं आन् तरी पाठवली पोरं. कसली शाळा ही?" त्यांचा एकही शब्द खोटा नव्हता. हेडसर मान खाली घालून ऐकत होते. मीही. वनिताचे वडील मागे दाराशी उभे होते, त्यांना कुणी बसायला जागा केली नव्हती आणि त्यांच्या मुलीचं नावही कुणी घेतलं नव्हतं.

सर आलेच होते. काकू नको म्हणत असताना. हाताला पट्ट्या बांधलेल्या, इस्त्रीचा शर्ट घातलेला. चारी बाजूंनी आवाज वाढू लागला, तसे ते अस्वस्थ झाले. मग उठले आणि पट्टी बांधलेला हात टेबलावर आपटून म्हणाले, "एकेकानं बोला. हा सभेचा नियम आहे. तुम्हांला मी हेच शिकवलं का?"

त्या खोलीतली निम्मी माणसं त्यांची विद्यार्थी होती. रोशनचे वडील, तेही त्यांचेच विद्यार्थी, उभे होते ते मटकन बाकावर बसले आणि त्यांनी तोंडावर रुमाल धरला. सरांनी समाधानानं सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "हं. आता सरपंचांनी विषय मांडावा."

त्यानंतर सर कधी वर्गात गेले नाहीत. आधी आजारपणाची रजा आणि मग तसेच निवृत्त. निरोपसमारंभ झाला नाही. त्यांचे तास मला मिळाले. पहिल्या दिवशी मी आठवीत गेले आणि सवयीनं फळ्याच्या कोपऱ्याकडे पाहिलं. कोपरा पुसलेला होता. वनिता पहिल्या बाकावर बसून होती, हात मांडीवर, बोटं खडूनं माखलेली. मी पान विचारलं. तिनं सांगितलं. शिकवताना माझा आवाज सरांच्या आवाजाच्या जागी चढत होता आणि मला त्याची लाज वाटत होती.

वनिता नववीत आली, पण दिवाळीनंतर घरची माणसं वीटभट्टीवर निघाली आणि तिला लहान भावंडं सांभाळायला सोबत नेलं. मी वाडीवर गेले तेव्हा खोपटाला बाहेरून काटेरी फांदी लावलेली होती. गेल्या वर्षी ती मला कर्जतच्या बाजारात भेटली. कडेवर मूल होतं. एका फार्महाऊसवर शनिवार-रविवार भाकऱ्या भाजायला जाते म्हणाली. परत शाळेचा विषय मी काढला नाही, तिनंही काढला नाही. निघताना एवढंच विचारलं, "सरांस बरं हाय का?" मी हो म्हटलं.

आता पुन्हा वेळापत्रक लागलंय. काल आठवीला मी तोच धडा शिकवत होते. राज्य कसं झालं, कोण कोण रस्त्यावर उतरलं, कुणाची नावं राहिली, कुणाची राहिली नाहीत. इतिहास म्हणजे विसरू नये म्हणून केलेली खटपट, असं सर म्हणायचे. वर्गात मात्र एक मुलगी बाहेर धुराकडे बघत होती. मी तिला ओरडले नाही. तास संपल्यावर रिक्षा केली आणि दहिवलीला गेले.

सर पुढच्या पडवीत खुर्चीवर बसले होते. अंगात घडीचा शर्ट, दाढी केलेली, गालांची हाडं वर आलेली. माझ्याकडे पाहून त्यांनी परक्या माणसाला करतात तसा नमस्कार केला आणि "बसा" म्हणाले. माझं नाव मी सांगितलं. त्यांनी ते सौजन्यानं ऐकून घेतलं. मग पुन्हा रस्त्याकडे बघत राहिले. मी थोडा वेळ बसले आणि आत गेले.

काकू कांदा चिरत होत्या. खूप वाळल्या आहेत. मी पाटावर बसले, विळी त्यांच्याकडून ओढून घेतली. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले.

"आता मलापण ओळखत नाहीत," त्या म्हणाल्या. "परवा विचारलं, बाई, तुम्ही कुठल्या? मी म्हटलं, नेरळची. तर म्हणाले, आमची मंडळीपण नेरळचीच. ओळखत असाल तुम्ही तिला."

त्या जराशा हसल्या.

"मलाही काय सुचलं कोण जाणे. विचारलं, कशी होती हो तुमची मंडळी? तर किती बोलले. फार हुशार होती म्हणे. शाळेच्या नादात मी घराकडे बघितलं नाही, तिनं सगळं उचललं. कधी बोलून दाखवलं नाही. इतक्या वर्षांत एक शब्द मला असा म्हणाले नव्हते, सुवर्णा. मी आपली ऐकत बसले."

चुलीवर भात रटरटत होता. काकूंनी झाकण जरा सरकवलं.

"मग म्हणाले, पण गेली हो ती. मी म्हटलं, कुठं गेली? म्हणाले, वारली. आणि रडायला लागले. लहान मुलासारखे. ताटावर बसले होते, ताट तसंच."

"मग? सांगितलं नाहीत तुम्ही, की मीच ती?"

"आधी सांगायचे. विश्वास बसत नाही आणि घाबरतात जास्त." काकू माझ्याकडे न बघता बोलत होत्या. "मग पाठीवरनं हात फिरवला त्यांच्या. म्हटलं, फार वाईट झालं. पण तुम्ही दोन घास खा. तिला बरं वाटेल."

"जेवले?"

"जेवले."